वय नेमकं कशाचं मोजलं?

पक्षी सोडले तर बाकीचे डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. कॅम्ब्रियन काळ ५३.८८ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. पृथ्वी साधारण साडेचार अब्ज वर्षांची आहे. हे आकडे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि ते कसे काढले असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "कार्बन डेटिंग करून." आजचं व्याख्यान मला तिथूनच सुरू करायचं आहे, कारण या तिन्हींपैकी एकाही आकड्याशी कार्बन डेटिंगचा संबंध नाही.

कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं. म्हणजे दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातला निम्मा संपतो. पन्नास हजार वर्षांत हजारातले जेमतेम दोन-तीन अणू शिल्लक राहतात आणि तिथेच ही पद्धत थकते. डायनोसॉरच्या हाडात मूळचा कार्बन-१४चा एकही अणू उरलेला नसतो. मोजायचं काय?

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जीवाश्माचं वय, म्हणजे त्या हाडाचं, शिंपल्याचं किंवा पानाच्या ठशाचं वय, कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात जवळजवळ कधीच थेट मोजलं जात नाही. जीवाश्म सापडतात गाळाच्या खडकात. गाळ म्हणजे आधीच्या डोंगरांची झीज. त्यातला वाळूचा एखादा कण त्या प्राण्यापेक्षा दोन अब्ज वर्षांनी जुना असू शकतो. मग मोजतात काय? तर त्या थराच्या वर किंवा खाली पडलेली ज्वालामुखीची राख. राख पडली तेव्हा तिच्यातले स्फटिक नुकतेच तयार झालेले असतात, त्यामुळे त्यांचं वय म्हणजे, थोडा फरक सोडला तर, राख पडल्याचं वय. खालच्या राखेपेक्षा जीवाश्म तरुण, वरच्या राखेपेक्षा म्हातारा. एवढंच आपल्याला कळतं. म्हणून पृथ्वीच्या इतिहासातला कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा: वय नेमकं कशाचं मोजलं?

या कामातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे झिरकॉन. झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं हे खनिज ग्रॅनाइटमध्ये आणि ज्वालामुखीच्या राखेत बारीक स्फटिकांच्या रूपात असतं. साधारण ५० ते ३०० मायक्रॉन, म्हणजे बारीक वाळूच्या कणाएवढं किंवा त्याहून लहान. शिलारसातून हा स्फटिक वाढताना झिर्कोनियमच्या जागी युरेनियमचे काही अणू सहज सामावून घेतो. शिशाचा अणू मात्र त्या जागेसाठी मोठा पडतो आणि त्याचा विद्युतभारही जुळत नाही, त्यामुळे शिसं बाहेरच राहतं. जन्माच्या वेळी झिरकॉनमध्ये युरेनियम असतं आणि शिसं जवळजवळ नसतं. नंतर आत जे शिसं सापडतं ते तिथल्याच युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं. नऊशे अंश सेल्सियसच्या पलीकडे तापवल्याशिवाय हे शिसं धड स्फटिकातून सहज बाहेर पडत नाही. शिवाय झिरकॉन इतका कणखर, की डोंगर झिजून गेला, नदीनं त्याची वाळू केली, त्या वाळूचा पुन्हा दगड झाला, तरी तो टिकून असतो.

आणि याच्यात घड्याळं दोन आहेत. युरेनियम-२३८चं शिसं-२०६ होतं, अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं. युरेनियम-२३५चं शिसं-२०७ होतं, अर्धायुष्य ७०.४ कोटी वर्षं. आकड्यांनी बघू. पंचवीस कोटी वर्षं वयाच्या झिरकॉनमध्ये युरेनियम-२३८च्या दर शंभर अणूंमागे शिसं-२०६चे साधारण चार अणू मिळतात, आणि युरेनियम-२३५च्या दर शंभर अणूंमागे शिसं-२०७चे अठ्ठावीस. ४.४ अब्ज वर्षांच्या झिरकॉनमध्ये पहिल्या घड्याळात शिसं आणि युरेनियम जवळपास बरोबरीला आलेले असतात, तर दुसऱ्यात युरेनियमच्या एका अणूमागे शिशाचे पंचाहत्तर. दोन्ही घड्याळं एकाच स्फटिकात, एकाच क्षणी सुरू झालेली, वेगवेगळ्या गतीनं चालणारी. दोघांनी एकच वय सांगितलं तर विश्वास ठेवायचा. नाही जुळलं तर काहीतरी बिघडलं आहे, हे तो स्फटिक स्वतःच सांगतो. इतर बहुतेक पद्धतींत ही सोय नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू, कारण आकड्याचा भरवसा इथेच ठरतो.

खडकाचे दोन ते पाच किलो ताजे तुकडे घेतात. वरचा हवेनं कुजलेला भाग फोडून टाकतात. जबड्यासारख्या यंत्रात तुकडे चिरडतात, मग चकतीच्या गिरणीत भरडून चाळतात आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक चूर ठेवतात. इथली चूक सगळ्यात महागात पडते: यंत्राच्या फटीत आधीच्या नमुन्याचे चार कण राहिले, तर पुढच्या खडकात परका झिरकॉन येतो आणि त्याचं वय अगदी खणखणीत, पण दुसऱ्याच दगडाचं निघतं. म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर यंत्र उघडून, ब्रशनं आणि हवेच्या झोतानं साफ करावं लागतं.

नंतर हा चूर पाण्याच्या तिरप्या, हादरणाऱ्या टेबलावर सोडतात. हलकी गारगोटी आणि फेल्डस्पार वाहून जातात, जड कण मागे राहतात. चुंबकानं लोहयुक्त खनिजं काढून घेतात. उरलेलं मिथिलीन आयोडाइडमध्ये टाकतात. या द्रवाची घनता ३.३, झिरकॉनची ४.६च्या वर. झिरकॉन तळाला बसतो, बाकीचं बरंच तरंगतं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली, सुईनं किंवा चिमट्यानं, एकेक कण निवडायचा: स्वच्छ, अणकुचीदार, तडे नसलेला. पाच किलो दगडातून कधी हजारो कण मिळतात, तर कधी दहासुद्धा मिळत नाहीत.

यापुढे दोन वाटा आहेत. पहिली झटपट. कण रेझिनमध्ये बसवून निम्मे घासतात, म्हणजे त्यांचा गाभा उघडा पडतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात ते चमकतात आणि झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं दिसतात. मग आयनांच्या झोतानं किंवा लेझरनं वीस-तीस मायक्रॉनचा ठिपका खणून तेवढ्याच भागातलं शिसं आणि युरेनियम मोजतात. एकेका ठिपक्यात साधारण टक्काभर चूक राहते. पंचवीस कोटी वर्षांवर टक्का म्हणजे पंचवीस लाख वर्षं. या वाटेचा फायदा असा, की स्फटिकाचा कोणता भाग मोजतोय ते डोळ्यांनी दिसतं. पुष्कळदा गाभा जुन्या खडकातून आलेला असतो आणि त्याच्याभोवती नव्या शिलारसानं साल चढवलेली असते. अख्खा कण विरघळवला तर दोघांच्या मधलं, प्रत्यक्षात कधीच न घडलेल्या घटनेचं वय हाती येतं.

दुसरी वाट संथ आणि अचूक. निवडलेला कण आधी ९०० अंशांवर दोन दिवस तापवतात. युरेनियमच्या किरणोत्सारानं स्फटिकातली अणूंची जाळी किंचित मोडलेली असते, ती यानं बरीचशी सांधली जाते. मग त्याला हायड्रोफ्लोरिक आम्लात, बंद भांड्यात, दोनशे अंशांच्या आसपास बारा तास ठेवतात. जास्त मोडलेले, ज्यांतून शिसं निसटलेलं असण्याची शक्यता आहे असे भाग आधी विरघळून जातात, धड भाग उरतो. २००५ साली ही रीत पक्की झाली आणि त्यानंतरची वयं आधीच्या वयांपेक्षा खूपच भरवशाची आहेत. उरलेला कण पूर्ण विरघळवून त्यात माहीत असलेल्या मापाचा, निसर्गात न आढळणाऱ्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचा) द्रव मिसळतात, म्हणजे मूळचं किती होतं ते गुणोत्तरावरून काढता येतं. मग मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र. इथली चूक दहा हजारात पाच भागांइतकी, कधी त्याहूनही कमी.

हे किती नाजूक आहे याचा हिशोब करून पाहा. पाच मायक्रोग्रॅमचा कण घ्या, त्यात दशलक्षात दोनशे भाग युरेनियम, म्हणजे एक नॅनोग्रॅम. पंचवीस कोटी वर्षांत त्यातून तयार झालेलं शिसं-२०६ भरतं साधारण ३५ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आता हवेतून, आम्लातून किंवा हातमोज्यातून फक्त एक पिकोग्रॅम साधं शिसं आत शिरलं, तर त्यातलं पावभर शिसं-२०६ असतं, आणि दुरुस्ती केली नाही तर वय पंधरा-वीस लाख वर्षांनी जास्त निघतं. दुरुस्ती करता येते, कारण साध्या शिशात शिसं-२०४ही असतं आणि ते युरेनियमपासून कधीच तयार होत नाही. शिसं-२०४ दिसलं की बाहेरचं किती मिसळलंय ते कळतं. तरीही पहिला उपाय एकच, शिसं आत येऊच द्यायचं नाही.

ही शिस्त ज्यांनी घालून दिली ते क्लेअर पॅटरसन. पृथ्वीचं वय त्यांनीच पहिल्यांदा नीट काढलं. नमुन्यांत त्यांना अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त शिसं सापडत राहिलं. ते प्रयोगशाळेतूनच येत होतं: धुळीतून, नळाच्या पाण्यातून, काचेच्या भांड्यांतून. वर्षानुवर्षं झगडून त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि १९५६ साली ४.५५ अब्ज वर्षं हा आकडा दिला, अधिक-उणे ७ कोटी. याच कामातून त्यांना दिसलं की हवेत आणि समुद्रात शिसं माणसानंच पसरवलं आहे. पुढची अनेक वर्षं त्यांनी पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध लढा दिला. पृथ्वीचं वय मोजताना सापडलेली ही गोष्ट लाखो मुलांच्या रक्तातलं शिसं कमी करायला कारणी लागली, याचं मला फार मोल वाटतं.

पण इथेही विचारू या: वय नेमकं कशाचं? पॅटरसननी पृथ्वीचा खडक मोजलाच नव्हता. मोजले होते अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेले दगड आणि लोखंडाचे तुकडे. त्यातला कॅन्यन डायब्लो हा लोहाशनी निर्णायक ठरला, कारण त्याच्या लोहगंधकात युरेनियम नगण्य असतं, म्हणून तिथलं शिसं सूर्यमालेच्या सुरुवातीला होतं तसंच जपलेलं. समुद्रतळाच्या गाळातलं, म्हणजे पृथ्वीवरचं शिसं आलेखावर अशनींच्या रेषेवरच बसलं, आणि त्यावरून पृथ्वी त्याच कुटुंबातली ठरली. आज सूर्यमालेतल्या सगळ्यात आधी घट्ट झालेल्या कणांचं वय ४५६ कोटी ७३ लाख वर्षं मिळतं. पृथ्वी त्यानंतर काही कोटी वर्षांत जमून आली. तिचा जन्म एका तारखेला झाला नाही, त्यामुळे तिच्या वयाला यापेक्षा बारीक आकडा लावण्यात फारसा अर्थ नाही.

याआधीचे हिशोब चुकले होते, आणि ते का चुकले हेही नीट सांगितलं पाहिजे. लॉर्ड केल्विननी तप्त गोळा निवायला किती काळ लागेल यावरून वय काढलं, आणि १८९७ पर्यंत ते दोन ते चार कोटी वर्षांवर आले. पुस्तकांत सहसा लिहितात की किरणोत्साराची उष्णता त्यांना माहीत नव्हती म्हणून ते चुकले. ते अपुरं आहे. ती उष्णता धरली तरी त्यांच्या पद्धतीनं उत्तर फारसं बदलत नाही. खरी चूक दुसरी होती: आतला भाग घट्ट आहे आणि उष्णता फक्त वहनानं बाहेर येते, असं त्यांनी गृहीत धरलं. पृथ्वीचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, संथपणे ढवळलं जातं, त्यामुळे आतली उष्णता सतत वर पोचत राहते. त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ साली हे दाखवून दिलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

आता जीवनाकडे येऊ. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये गोट्या आणि वाळूचा घट्ट झालेला जुना थर आहे. तो साचला साधारण तीन अब्ज वर्षांपूर्वी, पण त्यातले थोडे झिरकॉन चार अब्जांहून जुने आहेत. २००१ साली त्यातल्या एकाचं वय ४.४०४ अब्ज वर्षं जाहीर झालं. म्हणून "४.४ अब्ज वर्षांचा खडक" म्हणणं चूक आहे. तो खडक कधीच झिजून गेला, हा त्याचा उरलेला एक दाणा. आजवर ज्ञात असलेल्या खडकांत कॅनडातला अकास्टा नाइस सगळ्यात जुन्यांपैकी, सुमारे ४.०३ अब्ज वर्षांचा. जॅक हिल्सच्या वयावर शंकाही रास्त होती: शिसं बाहेर गेलं नसेल, पण स्फटिकाच्या आतच सरकून एका जागी जमलं असेल, आणि ठिपका नेमका तिथे पडला असेल तर? २०१४ साली एका कणात अणू-अणू मोजून हे तपासलं गेलं. शिशाचे पुंजके सापडले, पण दहा नॅनोमीटरच्या आसपास रुंदीचे. वीस मायक्रॉनच्या ठिपक्यात असे असंख्य पुंजके येतात, त्यामुळे सरासरी बिघडत नाही. तो कण ४.३७४ अब्ज वर्षांचा ठरला.

या दाण्यांमधल्या काहींत जड ऑक्सिजनचं, म्हणजे ऑक्सिजन-१८चं प्रमाण जास्त आहे. पृष्ठभागाजवळ, कमी तापमानात, द्रव पाण्याशी लागून बदललेला खडक पुन्हा वितळला तरच असं होतं. म्हणजे त्या काळी पाणी होतं. पण पाणी होतं म्हणजे जीव होते, असं नाही.

सगळ्यात जुने जीव कोणते, हा प्रश्न आकड्यापेक्षा ओळख पटवण्यात अडकतो. वय बिनचूक असतं, वस्तूबद्दलच वाद असतो. ऑस्ट्रेलियातल्याच एपेक्स चर्ट या गारगोटीसारख्या कठीण खडकातल्या ३.४६५ अब्ज वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म धाग्यांना १९९३ साली जीवाणूंचे जीवाश्म म्हटलं गेलं. २००२ साली दुसऱ्या गटानं पुन्हा नकाशा काढला, तेव्हा तो चर्ट समुद्रतळावर साचलेला नसून गरम पाण्याच्या भेगेत भरलेला आहे असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते धागे जीवांचेच का, अशी शंका उभी राहिली. ग्रीनलंडमधल्या इसुआत ३.७ अब्ज वर्षांच्या खडकात २०१६ साली शंकूसारखे आकार सापडले आणि ते जीवाणूंच्या थरांनी बांधलेले स्ट्रोमॅटोलाइट असल्याचं सांगितलं गेलं. दोन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी तो दगड तिसऱ्या बाजूनं कापून पाहिला. समोरून शंकू वाटणारे आकार बाजूनं लांबलचक निघाले, आणि लांबी खडक दाबून ताणला गेला त्याच दिशेत. एका छेदावरून निष्कर्ष काढल्यावर असं होतं. आज बहुतेकांना मान्य असलेला भक्कम पुरावा म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले ड्रेसर थरातले स्ट्रोमॅटोलाइट, वय ३.४८ अब्ज वर्षं.

पुढचा टप्पा ऑक्सिजनचा, आणि तो मला सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. पहिल्या दोन अब्ज वर्षांत हवेत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. हे कशावरून? दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या थरांत नदीत गोल झालेले पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) आणि युरॅनिनाइटचे (युरेनियमचं खनिज) कण सापडतात. आजच्या हवेत ही खनिजं नदीत घरंगळत राहिली तर गोल व्हायच्या आधीच गंजून आणि विरघळून जातात. त्या नद्यांवरच्या हवेत त्यांना गंजवणारं काही नव्हतं.

यापेक्षा धारदार पुरावा गंधकाचा, २००० साली मांडलेला. गंधकाचे चार स्थिर समस्थानिक आहेत. रासायनिक क्रियांत त्यांची वाटणी वस्तुमानाच्या प्रमाणात होते. पण ज्वालामुखीचा सल्फर डायऑक्साइड अतिनील किरणांनी फुटला, तर ही वाटणी त्या नियमाला सोडून होते. असा विस्कटलेला गंधक खडकात जपला जायला दोन गोष्टी लागतात: वर ओझोनचं छत्र नको, आणि हवेत ऑक्सिजन आजच्या एक लाखाव्या भागाहून कमी हवा. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंतच्या खडकांत ही खूण भरपूर दिसते. मग काही कोटी वर्षांत ती नाहीशी होते. ऑक्सिजन हवेत टिकायला लागला तो हा काळ.

तो सोडणारे सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू त्याआधीपासून असावेत. पण सुरुवातीचा ऑक्सिजन ज्वालामुखीच्या वायूंनी आणि समुद्रात विरघळलेल्या लोहानं खाऊन टाकला. लोहखनिजाचे पट्टेदार थर, लाल-काळ्या रेघांचे, ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सलीत शेकडो मीटर जाडीचे, याच समुद्रांत बसले. जगातलं पुष्कळसं लोखंड आज आपण याच थरांतून काढतो.

नंतरची दीड-पावणेदोन अब्ज वर्षं मी भरभर ओलांडतो. त्यात केंद्रकयुक्त पेशी आल्या, बहुपेशीय शैवालं आली, आणि ७१.७ ते ६३.५ कोटी वर्षांच्या दरम्यान दोनदा पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोठली. हिमनद्यांनी आणलेले दगड-गोटे तेव्हाच्या विषुववृत्ताजवळच्या समुद्रांत सापडतात. त्या जागा विषुववृत्ताजवळ होत्या हे खडकात जपलेल्या चुंबकीय दिशेवरून कळतं.

कॅम्ब्रियनचं उदाहरण मात्र सावकाश बघण्यासारखं आहे, कारण आकडा कसा जोडला जातो ते तिथे उघड दिसतं. या काळाची अधिकृत सुरुवात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेड इथल्या कड्यावर ठरवलेली आहे. खूण आहे एका बिळाची: चिखलात आडव्या-तिडव्या पोखरणाऱ्या प्राण्याचा माग, ट्रेप्टिक्नस पेडम. प्राणी सापडलेला नाही, फक्त त्याचा माग. पण त्या कड्यात या पातळीवर मोजता येईल अशी राख नाही. मग वय आलं कुठून? आधी ओमानमधल्या राखेवरून. तिथल्या चुनखडीत कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणात मोठी घसरण होती, ती जगभर त्याच वेळची मानली आणि ५४.१ कोटी वर्षं आकडा धरला. मग नामिबियात, जीवाश्मांच्या अधिक जवळ असलेल्या राखांची वयं मिळाली, आणि आकडा ५३.८८ कोटींवर आला. रेष कॅनडात, वय नामिबियातलं, आणि मधला दुवा जीवाश्मांचा. "कॅम्ब्रियन वीस लाख वर्षांनी पुढे सरकला" असं जेव्हा वाचाल, तेव्हा सरकला तो हा दुवा. बीळ होतं तिथेच आहे.

पर्मियनच्या शेवटच्या महासंहारात नशीब उलटं होतं. चीनमधल्या मेइशानच्या खाणीत संहाराची पातळी दोन राखांच्या मध्येच आहे. राखेचे हे थर काही सेंटिमीटरचे, मातीसारखे मऊ, आणि दोघांमधलं अंतर एका वितीच्या आसपास. या वीतभर खडकात समुद्रातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रजाती संपतात. १९९८ साली इथलं वय २५.१४ कोटी वर्षं आलं. २००४ साली, शिसं निसटलेले भाग आम्लानं काढून टाकल्यावर, ते २५.२६ कोटी झालं. बारा लाख वर्षांचा फरक, आणि दोन्ही अहवालांत चूक फक्त दोन-तीन लाखांची दाखवलेली. म्हणजे मोजणी नीट होती, पण स्फटिकच फसवत होते. २०१४ सालच्या मोजणीत खालची राख २५ कोटी १९ लाख ४१ हजार वर्षं आणि वरची २५ कोटी १८ लाख ८० हजार वर्षं ठरली, प्रत्येकी तीस-चाळीस हजार अधिक-उणे. संहाराचा कालावधी ६० हजार वर्षं, अधिक-उणे ४८ हजार. हे दुसरं अधिक-उणे सोडून आकडा सांगितला तर अर्थच बदलतो: खरा काळ बारा हजार वर्षांचा असेल किंवा एक लाख आठ हजारांचा. सायबेरियातला प्रचंड लाव्हा याच सुमारास बाहेर पडत होता, हेही त्याच पद्धतीनं, त्याच प्रमाणित द्रवाशी ताडून मोजलं गेलं. म्हणूनच दोघांची तुलना टिकते. दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळी मापं वापरली असती तर कारण आधी की परिणाम आधी, हे सांगता आलं नसतं.

थरात प्राण्याचा शेवटचा जीवाश्म सापडतो तिथेच तो संपला, असंही मानू नका. जो प्राणी विरळ, त्याचा शेवटचा सापडलेला नमुना खऱ्या अंतापेक्षा बराच खाली असणार. त्यामुळे एका क्षणात झालेला संहारसुद्धा थरांत हळूहळू झाल्यासारखा दिसतो. डायनोसॉरांच्या बाबतीत यावरून बरीच वर्षं वाद झाला. १९८० साली अशनींत जास्त आढळणाऱ्या इरिडियम या धातूचा थर जाहीर झाला, पुढे मेक्सिकोतलं चिकशुलूबचं, अवकाशातून आदळलेल्या गोळ्यानं केलेलं विवर ओळखलं गेलं, आणि २०१३ साली आर्गॉन पद्धतीनं (पोटॅशियमच्या ऱ्हासातून बनलेला आर्गॉन मोजून) हा आघात आणि संहार यांतलं अंतर ३२ हजार वर्षांच्या आत आणलं. दख्खनचा लाव्हा त्याच सुमारास, काही लाख वर्षं, वाहत होता. बेसॉल्टमध्ये झिरकॉन क्वचितच असतो, म्हणून लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल मातीत अडकलेली राख शोधून तिच्यातले झिरकॉन मोजले गेले. दुसऱ्या गटानं बेसॉल्टमधल्याच फेल्डस्पारवर आर्गॉन पद्धत वापरली. एकूण काळावर दोघांचं जुळतं. लाव्ह्याचा मोठा लोट आघाताच्या आधी की नंतर, यावर अजून एकमत नाही.

हे सगळे आकडे किरणोत्सारावर उभे आहेत. त्याला पूर्ण वेगळा असा एखादा ताळा आहे का? आहे, आणि तो हातात धरता येतो. डेव्होनियन काळातलं शिंगाच्या आकाराचं एकांडं प्रवाळ घ्या. त्याच्या बाहेरच्या सालीवर केसासारख्या बारीक आडव्या रेघा असतात. प्रवाळ दर दिवशी चुन्याची एक रेघ चढवतं, आणि ऋतूंप्रमाणे या रेघा दाट-विरळ होत वर्षाचा पट्टा तयार होतो. आजच्या प्रवाळात एका पट्ट्यात साधारण ३६० रेघा भरतात. जॉन वेल्स यांनी १९६३ साली डेव्होनियन प्रवाळावरच्या रेघा मोजल्या, तेव्हा त्या सुमारे ४०० निघाल्या. वर्षाची लांबी बदलत नाही, म्हणजे तेव्हा दिवसच बावीस तासांचा होता. चंद्राच्या भरती-ओहोटीनं पृथ्वीचं फिरणं मंदावतं, हे खगोलशास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. शतकाला दोन सहस्रांश सेकंदांच्या हिशोबानं मागे गेलं, तर बावीस तासांचा दिवस येतो तो चाळीस कोटी वर्षांच्या आसपास. युरेनियमनं डेव्होनियनला दिलेलं वयही तेवढंच आहे. रेघा मोजायला लागतं ते फक्त भिंग, तिरका उजेड आणि सालीचा न झिजलेला तुकडा. झिजलेल्या सालीवर रेघा कमी भरतात आणि दिवस उगाच मोठा निघतो, म्हणून एकाच प्रवाळावर विसंबायचं नाही.